स्कॉटलंड आणि कॅटलोनिया: युरोपीय संघाचं दार कुणाला जवळ?

ब्रिटनपासून वेगळं व्हायचं का, यावरच्या 2014 च्या सार्वमतात स्कॉटलंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही मत होतं. पुन्हा तशी वेळ आली तर एडिनबरा-ग्लासगोतल्या मराठी घरांतही विचारलं जाईल: वेगळं झालो तर युरोपीय संघ आपल्याला घेईल का? शेजारी स्पेनपासून वेगळा होऊ पाहणारा त्याचा प्रांत, कॅटलोनिया, ठेवून पाहावं.

खरा फरक वाटणीच्या कागदात आहे. स्कॉटलंडने 2012 मध्ये लंडनशी लेखी करार केला, मग मतदान घेतलं. 84.6 टक्के लोक आले, 55.3 टक्क्यांनी 'नाही' म्हटलं आणि निकाल दोन्ही बाजूंनी मानला. कॅटलोनियाचं 1 ऑक्टोबर 2017 चं मतदान घटनात्मक न्यायालयाने आधीच स्थगित केलं होतं. होकार सुमारे 90 टक्के, पण मतदान जेमतेम 43. महिनाअखेर माद्रिदच्या केंद्र सरकारने स्पेनच्या घटनेतलं कलम 155 लावून प्रांताचा कारभार हाती घेतला.

संघाच्या करारातल्या कलम 49 नुसार नव्या सदस्याला प्रत्येक देशाची संमती लागते. कॅटलोनियाच्या बाबतीत नकाराधिकार थेट दुखावलेल्या स्पेनकडेच आहे, म्हणून संघाशी कायदे आधीच जुळलेले असूनही कॅटलोनियाचा रस्ता बंद आहे. ब्रिटन 2020 मध्ये बाहेर पडल्यामुळे लंडनला तो अधिकार उरलेला नाही. लंडनच्या संमतीने वेगळं झालेल्या स्कॉटलंडला आडकाठी करणार नाही, असं स्पेनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री जोसेप बोरेल 2018 मध्ये म्हणाले होते. अडचण त्या संमतीचीच. वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या, परवानगीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमत घेता येणार नाही, असा निकाल ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये दिला.

संमती मिळाली तरी वेळ लागतोच. फिनलंडने मार्च 1992 मध्ये अर्ज केला आणि जानेवारी 1995 मध्ये तो आत गेला. माँटेनेग्रो 2006 मध्ये वेगळा झाला, 2008 मध्ये अर्ज केला, 2012 पासून वाटाघाटी करतोय. 2025 संपलं तरी तो बाहेरच. स्कॉटलंडची प्रशासनव्यवस्था मुरलेली आहे, त्यामुळे त्याची गती फिनलंडच्या जवळची असेल असं आम्हाला वाटतं.

सदस्य झाल्यावर लगेच युरो घ्यावा लागेल, ही भीती मात्र अवास्तव आहे. स्वीडन 1995 पासून सदस्य असून क्रोनाच वापरतो. त्याहून जड प्रश्न सीमेचा आहे. स्कॉटलंडबाहेर विकल्या जाणाऱ्या माल आणि सेवांपैकी सुमारे 60 टक्के उरलेल्या ब्रिटनमध्ये जातात. संघात गेल्यावर इंग्लंडच्या सीमेवरच्या ग्रेटना गावापाशी, आज ट्रक न थांबता जातो तिथे, जकातीचे कागद दाखवावे लागतील. म्हणून मत ठरवण्याआधी सरकारी प्रस्तावात दोन गोष्टी शोधा: पहिल्या दिवशी चलन कोणतं, आणि त्या नाक्यावर तपासणी कोण आणि कशी करणार.