बिलात नवा, गाडीत जुनाच

२०२४ च्या जूनमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, मी मोटरसायकल सर्व्हिसिंगला टाकली. दीडशे सीसीची, बीएस-६, २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली, रीडिंग २३,४००. कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे ‘आपली कंपनी ती नव्हे’ म्हणून निवांत होतात, आणि हा प्रकार एका कंपनीपुरता आहे असं मला तरी वाटत नाही.

कोल्हापुरातलंच शोरूम. एसी, चहा, भिंतीवर टीव्ही, आणि आतलं वर्कशॉप दिसावं म्हणून मोठी काच. त्या काचेतून गाडीचं हँडल तेवढं दिसतं, खाली काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. सगळ्या फ्री सर्व्हिसिंग तिथंच झालेल्या, त्यामुळे सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नावानं ओळखायचा. सकाळी तोंडी अंदाज दिला अठराशेचा. जॉब कार्डवर मी सही केली तेव्हा कामाचा रकाना जवळजवळ कोरा होता. ‘आत लिहून घेतो सर.’

संध्याकाळी बिल आलं ३,८८०.

ते बिल अजून माझ्याकडे आहे. टॅक्स धरून इंजिन ऑइल ५४०, ऑइल फिल्टर १२०, एअर फिल्टर २८०, स्पार्क प्लग १८०, मागचे ब्रेक शू ३२०, लेबर ५५०. इथपर्यंत १,९९०, म्हणजे अंदाजाच्या आसपासच. त्याखाली इंजिन फ्लश २५०, ऑइलमध्ये घालायचं ‘फ्रिक्शन रिड्यूसर’ ३००, डीकार्बनायझिंग ४५०, टेफ्लॉन कोटिंग ६५०, चेन क्लीन-ल्यूब १५० आणि ‘कन्झ्युमेबल्स’ ९०. कन्झ्युमेबल्स म्हणजे काय विचारलं, तर म्हणाला, ‘कापड, ग्रीस वगैरे.’ नव्वद रुपयांचं कापड!

‘पावसाळा आहे ना सर, म्हणून टेफ्लॉन मारलं. गाडी बघा की कशी झालीय.’

गाडी खरंच चकाचक होती. टायरलासुद्धा पॉलिश मारलेलं. (जिथं रबर रस्त्याला टेकतं तिथं पॉलिश लावू देऊ नका, पहिल्याच वळणाला गाडी घसरते.) मी पैसे भरले, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला आणि ‘फीडबॅकचा कॉल आला तर दहापैकी दहा द्या सर’ या विनंतीलाही मान डोलावून घरी आलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारातल्या शहाबादीवर रुपयाएवढा काळा डाग दिसला. शोरूमला फोन केला, तर ‘वॉशिंगचं पाणी राहिलं असेल सर.’ पाणी तेलकट कसं, हे विचारायचं मला त्या क्षणी सुचलं नाही. पुढचे दोन आठवडे मी गाडीखाली पुठ्ठा टाकून झोपत होतो. डाग रोजचाच.

शेवटी उद्यमनगरात गेलो. वडिलांची एम-८० ज्यांच्याकडे असायची ते मिस्त्री आता साठीच्या पुढचे आहेत. त्यांनी गाडी कडेला झुकवली, खाली बॅटरी मारली आणि विचारलं, ‘पाव्हणं, हितं एमसील कुणी चोपडलं?’

ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टच्या भोवती एमसीलचा लपका होता. इंजिनचं केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. लांब पान्यानं जीव खाऊन आवळला की केसिंगचे आटे बोल्टाबरोबर निघून येतात. बोल्टाखालचा मऊ वॉशर दरवेळी नवा घालायचा असतो. तो न घालता गळती थांबवायला अजून आवळलं, आटे गेले आणि वर एमसील लावून, पुसून, टायरला पॉलिश मारून गाडी माझ्या हातात दिली. आटे गेल्याचं तोंडावर सांगितलं असतं तर मी ओरडलो असतो आणि विषय संपला असता.

मिस्त्रींना म्हटलं, आता उघडलीच आहे तर बाकीचंही बघा. त्यांनी आधी मागच्या चाकाकडे बोट केलं. ब्रेकच्या ड्रमवर एक छोटा बाण असतो आणि बाजूला एक खूण. ब्रेक पूर्ण दाबला आणि बाण खुणेला टेकला की शू संपले. हे बघायला एकही पाना लागत नाही आणि गाडी वापरणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना तो बाण माहीत नसतो. मलाही नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी ‘बदललेल्या’ शूचा बाण खुणेवर टेकला होता. ब्रेक रॉडचा नट आटे संपेपर्यंत आवळून पेडल तेवढं टाइट करून दिलेलं.

प्लग काढला. इलेक्ट्रोडच्या कडा झिजून गोल झालेल्या, गॅप १.१ मिलिमीटर. मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८ आहे. सहाशे किलोमीटरमध्ये नवा प्लग इतका झिजत नाही. एअर फिल्टरही जुनाच, हवा मारून परत बसवलेला. तो तेलाचा हात असलेला कागदी फिल्टर, हवा मारायचा नसतोच, सरळ बदलायचा असतो. त्या वेळी पार्टवर २८ टक्के जीएसटी होता (सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय). म्हणजे न बसवलेल्या प्लगवर मी २८ टक्के कर भरला होता!

ऑइलचा रंग मात्र पुरावा नव्हे, हे मिस्त्रींनीच बजावलं. नवं ऑइलही थोड्या दिवसांत काळं पडतं, कारण आतली घाण धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. ‘काळं दिसलं म्हणून भांडाय जाऊ नगा, हरशीला.’

मी तरीही हरलोच. जुना प्लग आणि फिल्टर घेऊन तावातावानं शोरूमला गेलो. अ‍ॅडव्हायझर शांतपणे म्हणाला, ‘सर, सिस्टिममध्ये रिप्लेस्ड दाखवतंय. गाडी तुम्ही बाहेर उघडलीत. तिथं कुणी नवे काढून जुने बसवले असतील, आम्ही काय सांगणार?’ जुने पार्ट मागितले, तर ‘ते स्क्रॅपला गेले.’ वर, बाहेर गाडी उघडल्यामुळे वॉरंटीचाही प्रश्न येईल, अशी प्रेमळ सूचना. आणि ‘गाडी बाहेर उघडलीत’ हे त्याचं म्हणणं कायद्याच्या भाषेत बरोबरच होतं. शंका आल्यावर मी आधी मिस्त्रींकडे गेलो तिथंच पुरावा संपला होता. मीटरच्या रीडिंगसकट व्हिडिओ काढून, गाडी आधी शोरूमलाच नेऊन, त्यांच्याच हातानं माझ्या डोळ्यांसमोर उघडायला लावायला हवी होती.

वॉरंटीच्या धमकीबद्दल इथंच सांगतो. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. सुटे भाग बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं हा त्यातला मुख्य आरोप. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारा, असंही त्या आदेशात होतं. तो निकाल चारचाकींचा, आणि पुढे अपिलातही गेला, त्यामुळे काउंटरवर तो दाखवून कुणी घाबरणार नाही. पण बाहेरचा पाना लागला की वॉरंटी खलास, हे ब्रह्मवाक्य नाही एवढं तरी कळतं. मी स्वतः फ्री सर्व्हिसिंगचे शिक्के चुकवले नव्हते. तुम्हीही चुकवू नका, फुकटचा वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

सप्टेंबरमध्ये चुलत भावाची गाडी त्याच शोरूमला जायची होती. तो म्हणाला, मी दुसरीकडे टाकतो. मी म्हटलं, थांब.

बहिणीची लाल नेलपेंट घेतली. ड्रेन बोल्टवरून केसिंगवर येईल अशी एक बारीक रेघ. प्लगच्या षटकोनावरून हेडवर एक. मागच्या एक्सलच्या नटवरून एक, कारण चाक काढल्याशिवाय शू बदलता येत नाहीत. एअर फिल्टरच्या कडेला आतून एक ठिपका. नट हलला की रेघ तुटते आणि ती पुन्हा तशीच जुळवणं सोपं नसतं. सगळ्याचा व्हिडिओ, सुरुवातीला मीटरचं रीडिंग आणि नंबर प्लेट. जॉब कार्डवर भावानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ‘जुने पार्ट परत हवेत’, आणि त्या कार्डाचा फोटो काढला.

संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. बिलात प्लग, एअर फिल्टर, मागचे शू. आणि या वेळी जुने पार्टही दिले, पिशवीत भरून! मी क्षणभर ओशाळलो. मग पिशवी उघडली. आतल्या प्लगवरचा नंबर भावाच्या गाडीच्या प्लगचा नव्हताच. शूचा व्यास ड्रमपेक्षा उघड लहान. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचं भंगार आमच्या हातात ठेवलं होतं. जुने पार्ट मागून घ्या हा सल्ला सगळे देतात, पण मिळालेले पार्ट आपलेच आहेत हे ओळखायला आपल्या प्लगचा नंबर आधी ठाऊक लागतो.

गाडी आम्ही गेटबाहेर काढली नाही. तिथंच खाली बसलो. ड्रेन बोल्टची रेघ तुटली होती, म्हणजे ऑइल खरंच काढलं होतं. प्लगची रेघ शाबूत. एक्सलची शाबूत. फिल्टरचा डबा त्यांच्याच पोराला उघडायला लावला, लाल ठिपका जागेवर.

मॅनेजर आला. पहिली दहा मिनिटं ‘मिस्टेक झाली असेल’, मग सकाळचा व्हिडिओ बघितल्यावर आवाज खाली. तिन्ही वस्तू आमच्यासमोर बसवल्या, भावाचं लेबर परत केलं. माझ्या जूनच्या बिलाबद्दल तो ‘बघतो’ म्हणाला. म्हणून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि दोन्ही बिलं व व्हिडिओ कंपनीच्या मेलवर पाठवले. तीन आठवड्यांनी शू, प्लग आणि एअर फिल्टरचे मिळून ७८० रुपये परत आले. पुढची सर्व्हिसिंग फुकट देतो म्हणाले, मी नको म्हटलं. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, हे मी शोधून ठेवलं होतं. पण उरलेल्या रकमेसाठी तारखांना जाण्याइतका माझ्यात दम नव्हता. टेफ्लॉन मारलं की नाही हे सिद्ध कसं करणार? जे केलं की नाही हे दिसत नाही तेच विकणं सोयीचं. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या तक्त्यात फ्लश, डीकार्ब, कोटिंग यातलं एकही नाव नाही. तो तक्ता मी तीन वर्षांनी पहिल्यांदा उघडला, हेही कबूल करतो.

तिथल्याच एका पोरानं नंतर चहाच्या गाडीवर सांगितलं की दिवसाला एकेकाला बारा-तेरा गाड्या उरकाव्या लागतात, आणि अ‍ॅडव्हायझरला फ्लश, फ्रिक्शन रिड्यूसर असल्या बाटल्या खपवायचं टार्गेट असतं. प्लग काढायला वेळ लागतो, बिलात लिहायला लागत नाही. पोराचा राग आला नाही.

गेलेल्या आट्यांचं काम मिस्त्रींनी करून दिलं, भोक मोठं करून आत बुश बसवला आणि नवे आटे पाडले. ३५० रुपये. तेव्हापासून ऑइल, प्लग, फिल्टर, चेन आणि ब्रेकची अ‍ॅडजस्टमेंट मी घरीच करतो. पाने, फिलर गेज, टॉर्क पाना आणि एक जुनी परात मिळून साडेतीन हजारांच्या आत बसलं. जुनं ऑइल गटारात जात नाही, मिस्त्रींच्या बॅरलमध्ये जातं. रिकामा कॅन मी भोसकून टाकतो, कारण चांगल्या ब्रँडचे अख्खे कॅन भंगारातून परत भरले जातात.

पण घरी केलं म्हणजे शहाणपणानंच केलं असं नाही. दुसऱ्याच वेळेला दाजींच्या कारचं उरलेलं ऑइल घरात होतं. लिटरभर, चांगल्या कंपनीचं. म्हटलं वाया कशाला घालवा. दोन दिवसांनी पन्हाळ्याला निघालो आणि वाघबीळच्या चढाला इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं, गाडी पुढं सरकेना. मागून एसटी हॉर्न मारतीय. मोटरसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात आणि क्लचच्या प्लेटा घर्षणावरच चालतात. कॅनच्या मागे ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ (ऑइल मोटरसायकलच्या क्लचला चालतं याची खूण) छापलेलं बघायचं. ‘एमबी’ असेल तर ते स्कूटरचं. मिस्त्री हसून म्हणाले, ‘शोरूमवाल्यानं तीनशे घेऊन ह्येच घातलं हुतं की, फ्रिक्शन का काय त्ये.’ आणि खरंच, जूननंतर क्लच थोडा सुटल्यासारखा वाटायचा तो का, हे मला त्या दिवशी कळलं.

एबीएसच्या ब्रेकची हवा काढणं, पुढचे फोर्क, इंजेक्शनचा लाइट लागला तर स्कॅनर लावणं, यासाठी मी अजून शोरूमलाच जातो. आता गावाबाहेरच्या दुसऱ्या शोरूमला. पहिल्याच भेटीत तिथल्या मेकॅनिकनं ड्रेन बोल्टवरची लाल रेघ बघितली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘प्लगवर पण मारलीय का?’

मी हो म्हटलं. त्यानं स्टूल ओढून दिलं आणि म्हणाला, बसा मग इथंच.