पहिलं जीपीएस घेताना : ईट्रेक्स २२एक्स, एक अख्खा पावसाळा काढल्यावर

पेठांतल्या एकेरी रस्त्यांसाठी किंवा हिंजवडीच्या कोंडीतून सुटण्यासाठी कुणी हातात धरायचं जीपीएस घेणार असेल, तर पैसे वाचवावेत. त्या कामाला मोबाइल कितीतरी सरस. हे यंत्र डोंगरासाठी आहे : तोरणा-राजगडची धार, भीमाशंकरच्या घाटवाटा, कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतची रात्रीची चाल. रेंज गेली की मोबाइलचं जीपीएसही जातं, असा एक समज आहे, तो चुकीचा. उपग्रहांचा संदेश मोबाइल थेट पकडतो, नकाशा आधी उतरवून घेतला असेल तर रेंजची गरज नाही. मोबाइल मार खातो तो वेगळ्याच ठिकाणी. पावसाचे थेंब पडले की टचस्क्रीन आपोआप उघडझाप करायला लागते, ओल्या बोटांना दाद देत नाही, आणि सतत स्क्रीन चालू ठेवली तर दुपारपर्यंत बॅटरी तळाला. शिवाय अडचणीच्या वेळी फोन करायला तोच मोबाइल जिवंत असायला हवा.

पहिल्या खरेदीत साधारण तीन यंत्रं समोर येतात, तिन्ही गार्मिनची. अमेरिकेत बाजारात आली तेव्हा ईट्रेक्स एसई १५० डॉलरला, २२एक्स २०० ला आणि ३२एक्स ३०० ला होतं. इथे येईपर्यंत किंमत वाढते, पण तिघांमधलं अंतर लक्षात ठेवण्यासारखं आहे. एसई २०२३ चं, काळ्या-पांढऱ्या पडद्याचं, दोन सेलवर १६८ तास चालतं असं कंपनी सांगते, मोबाइलला ब्लूटूथने जोडता येतं, पण त्यात नकाशा नाही. चालीची रेघ दिसते, तिच्याखालचा डोंगर दिसत नाही. २२एक्समध्ये रंगीत पडदा, ८ जीबी मेमरी आणि वर मेमरी कार्डाची जागा. ३२एक्समध्ये त्यावर हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र.

माझं मत स्पष्ट आहे : सह्याद्रीसाठी २२एक्स घ्यावं आणि उरलेल्या पैशांतून चांगले रिचार्जेबल सेल, चार्जर आणि एक साधं प्लेटचं होकायंत्र घ्यावं. दाबाचा उंचीमापक ऐकायला भारी वाटतो, पण हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने हलला की उंची साधारण ९ मीटरने सरकते. पावसाळ्यात दाब दिवसभर हलतच असतो, म्हणजे माहीत असलेल्या उंचीवर तो पुन्हा पुन्हा जुळवत बसायचं. तोरणा १,४०३ मीटर आहे हे आपल्याला ठाऊकच असतं, यंत्राने १,३९० दाखवलं म्हणून वाट चुकत नाही.

होकायंत्र नसण्याचा त्रास मात्र खरा आहे, तो आधी समजून घ्यावा. २२एक्सला दिशा कळते ती चालण्यावरून. मागचा बिंदू आणि आत्ताचा बिंदू जोडून ते बाण फिरवतं. धुक्यात फाट्यावर उभं राहून, जागच्या जागी गोल फिरून पाहिलं तर बाण काहीतरीच दाखवतो. वीस-पंचवीस पावलं सरळ चालायचं, मग बाण ताळ्यावर येतो. अरुंद धारेवर वीस पावलं चुकीच्या बाजूला टाकण्यापेक्षा गळ्यातलं होकायंत्र काढलेलं बरं. नकाशाही ‘उत्तर वर’ असाच ठेवावा. चालीच्या दिशेने फिरणारा नकाशा थांबलं की गोंधळ घालतो.

आता बटणं. डाव्या कडेला झूमची दोन आणि मेनूचं एक, उजवीकडे मागे जायचं आणि दिव्याचं, समोर अंगठ्याने ढकलायची छोटी दांडी. ओल्या हातमोज्यांतूनही सगळं चालतं, यासाठीच हे यंत्र घ्यायचं. दांडी दाबून धरली की तिथे खूण नोंदवली जाते, ही सोयच आहे, पण रेनकोटच्या खिशात यंत्र कोंबलं की दांडी दाबली जाते आणि ००१, ००२ अशा निरर्थक खुणांचं पीक येतं. यंत्र सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर, उभं, वरचं टोक आकाशाकडे ठेवून अडकवावं. त्याने खुणाही पडत नाहीत आणि उपग्रहही नीट मिळतात.

पडदा उन्हात उत्तम दिसतो, दिवा बंद असताना तर जास्तच. पण २.२ इंच म्हणजे २.२ इंच. चाळिशीचा चष्मा असेल तर रात्री समोच्च रेषा वाचताना डोळे बारीक करावे लागतात. नकाशा सरकवताना चित्र थांबत थांबत उमटतं. मोबाइलची सवय असलेल्यांना पहिले काही दिवस यंत्र बिघडलंय असंच वाटेल.

सेल हा सगळ्यात मोठा मुद्दा. दोन पेन्सिल सेल, कागदावर २५ तास. २,००० एमएएचचे निकेल मेटल हायड्राइड (म्हणजे रिचार्जेबल) सेल, दिव्याची वेळ १५ सेकंद आणि पडदा बंद ठेवणारा बॅटरी सेव्ह मोड चालू, एवढं केलं की दोन दिवसांचा ट्रेक एका जोडीवर निघतो. सतत दिवा लावला तर नाही. मेनूत सिस्टीममध्ये सेलचा प्रकार निवडायचा असतो, हे नवखे हमखास विसरतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा. यंत्राला अल्कलाइन सांगून आत रिचार्जेबल घातले, तर भरलेले सेलही अर्धे दिसतात. उलट बाजूने, रिचार्जेबल सेलचा व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो, त्यामुळे शेवटची पट्टी दिसली की लगेच बदलायचे. पायथ्याच्या गावातल्या टपरीवर मिळतात ते बहुधा घड्याळाचे कार्बन-झिंक सेल. यंत्र त्यावर सुरू होतं, पण लवकर मान टाकतं. तात्पुरती सोय म्हणून ठीक.

पाण्याचं रेटिंग आयपीएक्स७, म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. त्यात एक अट लपलेली आहे : मागच्या यूएसबीच्या खाचेवरचं रबरी झाकण पूर्ण बसलेलं हवं. केबल काढल्यावर ते नखाने चारी बाजूंनी दाबून घ्यावं. सेलचं झाकण मागच्या कडीने फिरवून बंद होतं, त्याच्या रबराच्या कडेला मातीचा कण अडकला की पाणी आत शिरतं. भर पावसात सेल बदलायचेच असतील तर पोंचोच्या आत. घरी आल्यावर यंत्र बाहेरून पुसून, सेल काढून, झाकण उघडं ठेवून रात्रभर पंख्याखाली. केबल जुन्या पद्धतीची मिनी-यूएसबी आहे, मोबाइलची चालत नाही. एक जादा ठेवा, ऐन वेळी शोधायला गेलात तर दुकानदार मायक्रो-यूएसबी हातात ठेवतो.

नकाशा स्वतः घालायचा, यात पर्याय नाही. परदेशातून मागवलेल्या यंत्रात तिथला नकाशा असतो, आपल्याकडचा मिळेलच असं नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या मुक्त नकाशावरून गार्मिनसाठी तयार केलेली आयएमजी फाइल फुकट मिळते. ती मेमरी कार्डावर ‘गार्मिन’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची, कार्ड फॅट३२ फॉरमॅट केलेलं हवं, आणि ते सेलच्या खालच्या खाचेत बसतं. मग मॅप सेटअपमध्ये जाऊन जुना नकाशा बंद, नवा चालू. दोन्ही चालू राहिले तर एकाखाली दुसरा झाकला जातो आणि नवा नकाशा आलाच नाही असं वाटतं. या नकाशात सिंहगडाच्या वाटा दिसतील. आडबाजूच्या नाळा आणि घळी दिसतीलच असं नाही. कारवीतून जाणारी गुरांची वाट कधी कधी मुख्य वाटेइतकीच ठळक काढलेली असते. नकाशावर रेघ आहे म्हणून खाली उतरू नये.

म्हणूनच आधी जाऊन आलेल्यांचा ट्रॅक, म्हणजे त्यांच्या चालीची बिंदूबिंदूंनी टिपलेली नोंद हवी, आणि इथेच बहुतेक जण अडकतात. २२एक्स एका ट्रॅकमध्ये १०,००० बिंदू घेतं. मोबाइलच्या अ‍ॅपने दर सेकंदाला एक बिंदू टिपला असेल तर १०,००० बिंदू म्हणजे २ तास ४६ मिनिटं. सहा-सात तासांच्या वाटेचा पुढचा भाग यंत्रात येतच नाही. संगणकावर तीच फाइल पूर्ण दिसते, यंत्रावर वाट अर्ध्या डोंगरात संपते. उपाय सोपा : गार्मिनच्या फुकट बेसकॅम्प प्रोग्रॅममध्ये ट्रॅक उघडून फिल्टर लावायचा आणि जास्तीत जास्त बिंदू हजाराच्या आसपास ठेवायचे. वाटेचा आकार काही बिघडत नाही. मग ट्रॅकची जीपीएक्स फाइल ‘गार्मिन’मधल्या ‘जीपीएक्स’ फोल्डरमध्ये, ट्रॅक मॅनेजरमध्ये जाऊन ‘शो ऑन मॅप’, आणि रंग निळा किंवा जांभळा. हिरव्या-तपकिरी नकाशावर काळी रेघ रात्री दिसत नाही. घरातून निघण्यापूर्वी झूम करून ट्रॅकचं शेवटचं टोक गडावर पोचतंय ना, ते डोळ्यांनी पाहावं.

फाट्यांवर खुणा वेगळ्या टाकाव्यात : खिंड, पाण्याचं टाकं, जिथे सोंड (डोंगराची खाली उतरत जाणारी धार) सोडून डावीकडे वळायचं ती जागा. कात्रज-सिंहगड चालीत एकामागून एक टेकड्या असतात आणि प्रत्येक माथ्यावरून दोन-तीन सोंडा फुटतात. अंधारात चुकीची सोंड पन्नास मीटर बरोबरच वाटते.

अक्षांश-रेखांश लिहायची पद्धत सगळ्या गटाने एकच ठेवावी. सिंहगड १८ अंश २२.० मिनिटांवर आहे. दशांशात तेच १८.३६६. कुणी फोनवर घाईत ‘अठरा, बावीस’ सांगितलं आणि ऐकणाऱ्याने १८.२२ अंश टाकलं, तर जागा जवळपास १६ किलोमीटर दक्षिणेला सरकते. मदत मागताना एवढी चूक परवडत नाही. तसंच, भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांवरून बिंदू उचलणार असाल तर ते एव्हरेस्ट डेटमवर (डेटम म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायची मूळ चौकट) आहेत, यंत्र मुळात डब्ल्यूजीएस८४ या वेगळ्या डेटमवर चालतं. डेटम न जुळवता टाकलेला बिंदू कड्याच्या दुसऱ्या बाजूला पडू शकतो.

सिग्नलबद्दल : ढग आणि धुकं काही बिघडवत नाहीत, भिजलेलं दाट रान थोडं बिघडवतं, आणि कातळाची अरुंद नाळ सगळ्यात जास्त. तिथे संदेश भिंतींवर आपटून येतो आणि बसल्या जागी ट्रॅकचं जाळं होतं. विश्रांतीच्या वेळी अंतर वाढत राहतं ते त्यामुळेच. जीपीएससोबत ग्लोनास ही रशियाची उपग्रह यंत्रणा चालू ठेवली की फरक पडतो. आपली भारताची ‘नाविक’ यंत्रणा यात नाही.

एक कायद्याची गोष्ट. २२एक्स फक्त ऐकतं, काही पाठवत नाही. उपग्रहावरून संदेश पाठवणारी इनरीचसारखी यंत्रं भारतात परवान्याशिवाय बाळगणं बेकायदा आहे. परदेशातल्या नातेवाइकांकडून मागवताना दोन्हींची गल्लत करू नका.

बजेट आणखी कमी असेल आणि जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन जुनं ईट्रेक्स दिसलं, तर आधी तारीख पाहा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीपट १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो, तसा तो ६ एप्रिल २०१९ ला आला. सॉफ्टवेअर न बदललेली काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळपास वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतात. जागा बहुधा बरोबर येते, ट्रॅकच्या तारखा आणि सूर्योदयाची वेळ चुकते. मग सेलच्या खाचेतल्या स्प्रिंगांवर हिरवट गंज आहे का ते बघा, दांडी चारी दिशांना आणि खाली दाबून बघा, आणि उघड्या आकाशाखाली पंधरा मिनिटं चालू ठेवा. महिनोन्‌महिने बंद असलेल्या यंत्राला उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात. विकणारा दोन मिनिटांत ‘सिग्नल नाय मिळत हो इथं’ म्हणाला तरी थांबायचं.