बिलात कँडी, टाकीवर मेटॅलिक: हॉट रॉड टूररच्या एका बिलाचा पंचनामा

लांब पल्ल्याच्या एका मोटरसायकलला जुन्या हॉट रॉडचं रूप देण्याच्या कामाच्या बिलात सोळा ओळी होत्या. गाडी उघडल्यावर त्यांतल्या पाच खऱ्या निघाल्या: सीटची शिवण, हँडलबार, ग्रिप, टेल लाइटची काच आणि गाडी धुऊन दिल्याची. उरलेल्या अकरा ओळींत एक लिहिलेलं आणि गाडीवर दुसरंच. मालकाने ऐंशी टक्के रक्कम पहिल्याच दिवशी मोजली होती, नऊ महिने वाट पाहिली होती, आणि ताब्यात मिळाली तेव्हा गाडी खरोखर देखणी दिसत होती. पहिला पाऊस अंगावर घेतल्यावर मडगार्डच्या कडेने बारीक फोड उठू लागले, तिथून सगळं उलगडत गेलं.

टूरिंग गाडीला जुन्या हॉट रॉडचं रूप द्यायचं काम फसवणाऱ्याच्या पथ्यावर पडतं, याला कारण आहे. हॉट रॉड म्हणजे वेगासाठी बदललेल्या जुन्या मोटारी, मुळातच अर्धवट. १९३२ साली फोर्डने सामान्यांच्या खिशाला परवडणारं व्ही-८ इंजिन आणलं, आणि पुढे कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पोरं मडगार्ड काढून, वजन उतरवून जुन्या गाड्या पळवू लागली. पैसा इंजिनात जायचा, रंगाला उरायचा नाही, म्हणून गाडी प्रायमरवरच फिरायची. तो काळपट, बिनचमकीचा पृष्ठभाग पुढे शैली बनला. त्यामुळे आज कामातली प्रत्येक खोट शैलीच्या नावाखाली खपवता येते. रंग उडाला? पॅटिना आहे, जुनेपणाची कळा. वेल्डिंग ओबडधोबड? हातकाम आहे. रेघ वाकडी? ब्रशची रेघ अशीच असते साहेब.

पहिली ओळ होती ‘सॅटिन ब्लॅक, जुन्या धर्तीचा मॅट’. मडगार्डवर प्रत्यक्षात काळा फिलर प्रायमर होता आणि त्यावर काहीही नव्हतं. फिलर प्रायमर घासून सपाट करण्यासाठी बनवलेला असतो. त्यात भुकटी भरपूर असते, म्हणून तो सच्छिद्र राहतो, ओल पितो आणि ती पत्र्यापर्यंत पोहोचवतो. गंज खालून वर येतो आणि फोड दिसतो तेव्हा आत गंज बराच पसरलेला असतो. योग्य क्रम असा: उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, गरज असेल तिथेच फिलर प्रायमर, तो ४०० ते ६०० नंबरच्या पेपरने घासून त्यावर काळा बेस आणि शेवटी मॅट क्लिअर, म्हणजे रंग जपणारा बिनचमकीचा पारदर्शक थर. ओळखायला सोपं आहे. मडगार्डच्या न दिसणाऱ्या कडेवर पाण्याचा थेंब ठेवून दहा मिनिटं थांबा. थेंब गोल उभा राहिला तर वर क्लिअर आहे. जागा गडद होऊन पाणी जिरलं तर प्रायमर. नखाने पांढरा ओरखडा उठला तरी तेच. आणि जो ‘मॅट फिनिशला नंतर पॉलिश मारून देतो’ म्हणतो, त्याच्या हातात गाडी देऊ नये. मॅट क्लिअर घासलं की तिथे चमकदार डाग पडतो, तो पुन्हा रंगवल्याशिवाय जात नाही.

टाकीचं प्रकरण याहून वाईट. रंगाची जाडी मोजायचं मीटर लावलं तर उजव्या बाजूला ३८० मायक्रॉन आले, डाव्या बाजूला १४०० च्या वर. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉनचा असतो. कँडी (पारदर्शक रंगीत थरांचा रंग), रंगवलेल्या ज्वाळा आणि क्लिअरचे थर धरून ३०० ते ५०० होणं रास्त. हजाराच्या पुढे गेलं की खाली पुट्टी आहे असं धरून चाला. पुट्टी वाईट नसते, पण ती दोन-तीन मिलिमीटरच्या आत असावी आणि तिच्याखाली पत्रा ठोकून जागेवर आणलेला असावा. इथे अंगठा मावेल एवढा पोचा तसाच भरून टाकला होता. पण मालकाने दिलेल्या टाकीला पोचाच नव्हता. म्हणजे टाकीच दुसरी. मूळ टाकी कुठे गेली ते विचारायला नको, चांगल्या टाकीला गिऱ्हाईक लगेच मिळतं. सिद्ध करायला मालकाकडे काहीच नव्हतं, कारण गाडी देताना काढलेले सगळे फोटो बाहेरून, छान उजेडातले. टाकीच्या पोटातली, फ्रेमवर बसणारी खोबण, तिथलं वेल्डिंग, गाडीच्या बाजूंच्या पेटीसारख्या बॅगांच्या झाकणांच्या आतल्या बाजू आणि बिजागऱ्या, यांचे जवळून फोटो हवेत. खोबणीत पंचने दोन ठिपके मारून ठेवले तर पुढचा वादच मिटतो.

कँडी रंगात लबाडीला सर्वात जास्त वाव आहे. खरी कँडी तीन टप्प्यांची: खाली चंदेरी किंवा सोनेरी बेस, त्यावर पारदर्शक रंगीत थर, वर क्लिअर. उजेड रंगीत थरातून आत जातो, बेसवर आपटून परत येतो, म्हणून खोली दिसते. प्रत्येक हाताने रंग गडद होतो, त्यामुळे टाकी, दोन्ही मडगार्ड, फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं कवच) आणि बॅगा एकाच बसणीत, मोजून सारख्या हातांनी मारायला लागतात. पाच हात टाकीवर आणि चार बॅगेवर पडले तर उन्हात दोन वेगळे लाल दिसतात. या गाडीवर साधा लाल मेटॅलिक होता आणि वरच्या क्लिअरमध्ये थोडा रंग मिसळला होता. उन्हात टाकीच्या वळणावर एका कोनातून दुसऱ्या कोनात नजर फिरवा. कँडी सावलीच्या बाजूला जवळजवळ काळपट होते आणि उजेडाच्या बाजूला पेटते. मेटॅलिक दोन्हीकडे जवळपास तसाच राहतो, फक्त कण चमकतात. नमुना म्हणून आधी एका पट्टीवर एक हात, दोन हात, असे सहा हातांपर्यंतचे टप्पे मारून मागा. खरा कारागीर ती पट्टी स्वतःहून बनवतो, कारण त्याला स्वतःलाच ती लागते.

क्लिअरही तपासलं. पेट्रोल भरताना एक थेंब ओघळला की दोन मिनिटांत तिथे चिकट होत होतं. हार्डनर घालून मारलेलं दोन घटकांचं क्लिअर पूर्ण सुकल्यावर पेट्रोलला दाद देत नाही. हे एका घटकाचं, डब्यातून थेट मारलेलं होतं. टाकीच्या खालच्या बाजूला थिनरचं फडकं दहा सेकंद दाबून धरलं तर फडक्यावर लाल उतरला. ही चाचणी पैसे देण्याआधी करायची असते, आणि ती करू देत नाही म्हणणाऱ्याने उत्तर दिलेलंच असतं.

ज्वाळा बिलात ‘हाताने काढलेल्या, पाच रंगी’ होत्या. काठावर नख फिरवलं तर सगळीकडे सारखीच पायरी लागत होती, आणि डावी ज्वाळा उजवीची आरशातली तंतोतंत प्रत होती. म्हणजे व्हिनाइलचं स्टिकर, वर क्लिअर. मास्किंगने काढलेल्या ज्वाळांची पायरीही आधी लागते, पण क्लिअर मारून, ६०० ते ८०० नंबरच्या पेपरने ओलं घासून, पुन्हा क्लिअर मारून ती बुजवतात. या वेळखाऊ कामाचेच पैसे असतात. पिनस्ट्राइपचं तसंच. ब्रशने ओढलेल्या रेघेला सुरुवात आणि शेवट असतो, वळणावर ती किंचित जाड होते, दोन रेघा मिळतात तिथे रंग चढलेला दिसतो. एकजात सारखी रेघ छापलेली असते. हाताची रेघ खरी असली तरी एक खोच आहे: ब्रशचा इनॅमल पुरता सुकण्याआधी वर युरेथेन क्लिअर मारलं तर रेघ सुरकुतते. हे लबाडीने नाही, घाईने होतं, पण नुकसान तेवढंच.

बॅगांवरचा रंग तर पापुद्र्यासारखा निघाला. प्लॅस्टिकवर आधी धुणं, घासणं आणि मग पकड देणारा अस्तराचा हात लागतो. तो वगळला की पहिला दगड उडून लागला तिथून रंग सोलत जातो. बॅगा रंगवल्यावर कोपऱ्यात चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. पट्टीबरोबर रंग आला तर अस्तर नव्हतं.

रंगाने फक्त पैसा जातो. पुढच्या गोष्टींनी माणूस जाऊ शकतो.

चकाकी वाढवायला ब्रेक डिस्कचे बोल्ट क्रोम करून बसवले होते. १०.९ किंवा १२.९ दर्जाच्या कडक बोल्टांवर प्लेटिंग करताना हायड्रोजन पोलादात शिरतो. प्लेटिंगनंतर लगेच भट्टीत, साधारण २०० अंशांवर, काही तास भाजून तो बाहेर काढावा लागतो. नाहीतर बोल्ट ठिसूळ होतो आणि आवळल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी, कुठलाही धक्का नसताना, त्याचं डोकं उडतं. ब्रेक, अ‍ॅक्सल आणि पुढच्या चाकाला धरणाऱ्या चिमट्याच्या बोल्टांना हात लावू नये. वर बसवायच्या क्रोमच्या टोप्या मिळतात. बाकी भागांचं क्रोमही पातळच होतं. गंज अडवतं ते खालचं निकेल, वरचं क्रोम जेमतेम पाव मायक्रॉनचं असतं. बाहेर फिरणाऱ्या गाडीला निकेल २० ते ३० मायक्रॉन हवं. निकेलवर हात आखडलेला माल पहिले काही महिने आरशासारखा दिसतो, मग ब्रॅकेटच्या मागच्या बाजूने तपकिरी ठिपके उठतात.

रिम लाल पावडर कोटिंगची. भट्टीत १८० ते २०० अंशांवर पावडर भाजतात, पण इथे बेअरिंग न काढताच रिम भट्टीत घातली होती, त्यामुळे ग्रीस वितळून बाहेर आलेलं. शिवाय डिस्क बसते तो पृष्ठभाग झाकलाच नव्हता. पावडरच्या थरावर डिस्क आवळली की थर दबतो, बोल्टचा ताण उतरतो, डिस्क लंगडी फिरते आणि ब्रेक लावताना लिव्हर थरथरतो.

आता पांढऱ्या पट्ट्याचे टायर. मागच्या टायरच्या पट्ट्यावर थिनर लावल्यावर फडकं पांढरं झालं, म्हणजे काळा टायर खरवडून रंगवला होता. खऱ्या पट्ट्यात पांढरं रबर टायर बनवतानाच घातलेलं असतं. बाजूची भिंत खरवडणं म्हणजे आतल्या दोऱ्यांवरचं संरक्षण काढणं. दुसरी युक्ती म्हणजे रिम आणि टायर यांच्यामध्ये सरकवलेली सुटी पांढरी कडी. ट्यूबलेस चाकात त्यामुळे हवा धरत नाही. पण खरा घोटाळा आकड्यात होता. मूळ टायरचा भार निर्देशांक ८१, म्हणजे ४६२ किलो. बसवलेला ७४, म्हणजे ३७५ किलो. दोघं जण आणि भरलेल्या बॅगा घेऊन लांब पल्ल्याला जाणाऱ्या गाडीवर मागच्या एका टायरमागे ८७ किलोंची तूट. कडेचा चार आकडी कोडही वाचावा: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा.

पुढचं चाक लांब दिसावं म्हणून ‘रेक किट’ लावलं होतं. फ्रेमची मान, म्हणजे हँडलचा दांडा जिच्यात फिरतो ती नळी, तशीच ठेवून फक्त चिमट्याला धरणाऱ्या यॉकचा कोन वाढवला की ट्रेल, म्हणजे हँडलच्या आसाची रेघ जमिनीला मिळते ती जागा आणि टायर टेकतो ती जागा यांतलं अंतर, कमी होतो. मोठ्या व्यासाचं चाक घातलं तर ट्रेल वाढतो आणि हिशेब जुळतो. इथे चाक मूळ मापाचंच होतं. गाडी सावकाश चालवताना हलकी, खेळकर वाटते आणि वेगात बॅगा भरल्या असताना हँडल लपलपायला लागतं. काम घेणाऱ्याला ‘आधीचा आणि नंतरचा ट्रेल किती मिलिमीटर’ एवढंच विचारावं. आकडा नसेल तर किट नको.

हँडलबार उंच केला होता आणि सगळ्या वायरी एकाच जागी पिळून टेपने गुंडाळल्या होत्या. सांधे एकमेकांपासून पुढेमागे, क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून), हीट श्रिंकमध्ये (गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीत) हवेत. ब्रेकची नळी जुन्याच मापाची. हँडल पूर्ण वळवलं की तारेसारखी ताणायची. ही तपासणी उभ्या उभ्या होते: हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवून नळीला बोट लावायचं.

‘परफॉर्मन्स चिप’ नावाची काळी डबी फोडली तर आत एकच रेझिस्टर निघाला. तो इंजिनला हवा प्रत्यक्षापेक्षा थंड असल्याचं खोटं सांगतो, इंजिन जास्त पेट्रोल सोडतं, एवढंच. एक्झॉस्टच्या उघड्या पाइपांसाठी खरं मॅपिंग, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोलचा हिशेब बदलणं, हवं होतं. आणि जुना एक्झॉस्ट ‘भंगारात दिला’ म्हणून सांगितला होता. त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, भंगारवाला त्याचे वेगळे पैसे देतो. काढलेला प्रत्येक भाग खोक्यात घालून परत मिळेल, हे काम देतानाच कागदावर लिहून घ्यावं. ‘बिलेट’ म्हणून लावलेल्या कव्हरांच्या आतली बाजू पाहिली तर साच्याची शिवण आणि खरबरीत दाणे दिसले. ठोकळ्यातून कोरलेल्या भागावर कटरच्या बारीक रेघा असतात.

पैशांची वाटणी झाकल्या जाणाऱ्या टप्प्यांनुसार असावी: पत्रा उघडा असताना एक हप्ता, इपॉक्सी प्रायमर लागल्यावर एक, कँडीनंतर पण शेवटच्या क्लिअरआधी एक, जोडणीनंतर वायरिंग उघडी असताना एक, आणि उरलेला निदान पाचवा हिस्सा दोनशे किलोमीटर चालवून पाहिल्यावर. प्रत्येक वेळी स्वतः जाऊन बघायचं. फोनवर आलेल्या फोटोत कोणाची टाकी आहे ते कळत नाही.

ही गाडी आता याच क्रमाने सुधारली जातेय: आधी टायर, डिस्कचे बोल्ट आणि ब्रेकची नळी, मग मूळ यॉक, मग वायरिंग, मग रिमची बेअरिंग. मडगार्ड पत्र्यापर्यंत घासून इपॉक्सीवर आणून ठेवले आहेत. रंग सर्वांत शेवटी, आणि टाकीचा रंग तर दुसरी टाकी मिळाल्यावर.