कोलितमाऱ्याला नसलेलं लाकडी घर

आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून त्यांना दोन दिवस नदीकाठी न्यायचं ठरवलं. बाबांच्या गुडघ्यांना जिप्सीतली सफारी झेपत नाही. नुसतं पाण्याजवळ बसायला मिळावं, एवढंच त्यांचं मागणं. फेसबुकवर जाहिरात दिसली: पेंच नदीच्या काठी, नागपूर जिल्ह्यातल्या कोलितमाऱ्याजवळ, एकांतातलं लाकडी कॉटेज. पायऱ्या थेट पाण्यात उतरणाऱ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा माणूस म्हणाला, ‘काकांसाठी खालची खोली ठेवतो, ताई.’ त्या एका वाक्यावर माझा विश्वास बसला.

८,००० रुपये अ‍ॅडव्हान्स पाठवला. यूपीआयवर नाव कुणा भलत्याच माणसाचं आलं. विचारलं तर म्हणे, मॅनेजरचं खातं आहे. मग परत मिळणारी अनामत म्हणून आणखी ५,०००.

शनिवारी पारशिवनीमार्गे निघालो. त्याने पाठवलेलं लोकेशन एका पडीक शेतात संपलं. फोन बंद. टपरीवरच्या दादांना फोटो दाखवला. त्यांनी तो बोटांनी मोठा केला आणि घराच्या मागे बोट ठेवलं. ‘हे झाडं आपल्याकडचे नाही जी, ताई. इथं साग, मोह, ऐन. हे तर पहाडातले दिसतात.’ खरंच, मागे सुईसारख्या पानांचे उंच वृक्ष होते. जन्म नागपुरात गेला, सागाचं रान लहानपणापासून पाहिलं, आणि मी फोटोत फक्त पायऱ्या पाहिल्या होत्या. आईने पहाटे उठून केलेल्या सांबारवड्या डब्यातच राहिल्या. बाबा एवढंच म्हणाले, ‘चल, घरी जाऊ.’

संध्याकाळी त्याचाच मेसेज: चूक झाली, हा क्यूआर स्कॅन करा, पैसे परत येतील. स्कॅन केल्यावर पिन मागितला तेव्हा भावाने फोन हातातून ओढला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. हे तुमच्या घरातल्या मोठ्यांना आजच सांगा.

तरी ‘सोमवारी नक्की पाठवतो’ या त्याच्या शब्दावर मी आणखी दोन दिवस थांबले. ती माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे लगेच फोन केला तर पैसे वाटेत थोपवता येण्याची शक्यता असते. मी केला तोवर ते पुढच्या खात्यांमधून निघून गेले होते. स्क्रीनशॉट आणि व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेने दिलेला ओळख क्रमांक) जपून ठेवले होते म्हणून तक्रार तरी नीट नोंदवता आली.

तक्रार नोंदवली त्या रात्री जाहिरातीतला फोटो गूगल लेन्समध्ये, म्हणजे फोटोवरून शोधणाऱ्या अ‍ॅपमध्ये, टाकला. तेच घर परदेशातल्या एका जाहिरातीत निघालं. पैसे पाठवण्याआधी दोन मिनिटं दिली असती तर. पेंचला जायचंच असेल तर सिल्लारीला एमटीडीसी (राज्याचं पर्यटन महामंडळ) आणि वनविभाग दोघांचीही राहण्याची सोय आहे. बुकिंग त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. खासगी जागा असेल तर मालकाला तिथूनच व्हिडिओ कॉल करायला लावा, नदी आणि गेट दाखवायला सांगा.

काल ती जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, फोटो तोच. आता ते घर पेंचवरच्याच तोतलाडोह धरणाच्या काठी आहे म्हणे.