वेगाचं मॉडेल: टोमोग्राफी की एफडब्ल्यूआय?

भूकंपीय लहरी खडकातून किती वेगाने धावतात हे चुकलं, की जमिनीखालच्या चित्रातला थर भलत्याच खोलीवर जाऊन बसतो. त्यामुळे आधी वेगाचं मॉडेल हवं. पुण्यात एमएस्सीचा प्रकल्प करणारे हमखास विचारतात, कुठली वाट धरू?

टोमोग्राफीचा हिशेब फक्त वेळेचा. स्वारगेटहून सुटलेली पीएमपीची बस कात्रजला किती वाजता पोचली, एवढंच तिला हवं. अशा शेकडो फेऱ्यांच्या वेळा ताडून ती कोंडी कुठे ते सांगते. एफडब्ल्यूआयला, म्हणजे फुल वेव्हफॉर्म इन्व्हर्जनला, वाटेतला प्रत्येक धक्काही हवा. मॉडेलमधून काढलेली नोंद खऱ्या नोंदीशी जुळेपर्यंत ते मॉडेल बदलत राहतं. तपशील तरंगलांबीच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतो. टोमोग्राफीचं चित्र त्यापुढे पुसट.

पण सुरुवातीच्या मॉडेलची वेळ अर्ध्या आवर्तनाहून जास्त चुकली, तर एफडब्ल्यूआय शेजारच्या लाटेशी जोडी जमवतं आणि बिनधास्त चुकीचं उत्तर देतं. यालाच सायकल स्किपिंग म्हणतात. ४ हर्ट्झला ही सवलत १२५ मिलिसेकंदांची, २० हर्ट्झला जेमतेम २५. म्हणून खालच्या वारंवारतेपासून चढत जायचं, आणि जमिनीवरच्या डेटात नेमका तोच भाग गोंगाटात बुडालेला. शिवाय त्रिमितीत वारंवारता दुप्पट केली की गणन साधारण १६ पट. सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक इथेच पुण्यात बांधला, इथल्या आयसर या विज्ञानसंस्थेत परम ब्रह्म आहे. तरी महासंगणकावर वेळ मिळवणं हे वेगळंच प्रकरण. द्विमितीतली टोमोग्राफी लॅपटॉपवर होते.

आपल्या पायाखालचा बेसाल्ट दोघांनाही छळतो. त्यात वेग सेकंदाला ५ किलोमीटरच्या आसपास. सौराष्ट्र-कच्छसारख्या ठिकाणी त्याखाली गाळाचे खडक आहेत, त्यांचा वेग कमी. वेगवान थराखालचा मंद थर सर्वांत आधी पोचणाऱ्या लहरींत, म्हणजे पहिल्या आगमनांत, उमटतच नाही, त्यामुळे त्यांच्या वेळांवर चालणारी टोमोग्राफी तिथे आंधळी. एफडब्ल्यूआयला निदान परावर्तनांचा आधार असतो, पण लाव्हाच्या एकावर एक थरांत ऊर्जा विखुरते आणि तीही क्षीण होतात.

माझ्या मते टोमोग्राफीने पाया घालावा, मग ४-५ हर्ट्झपासून एफडब्ल्यूआय. हात बसवायला १९८८ चं मार्मूझी हे कृत्रिम मॉडेल घ्या: ९.२ किलोमीटर लांब, ३ खोल, उत्तर आधीच माहीत. खऱ्या डेटात मात्र आधी ऑफसेट, म्हणजे लहरीचा स्रोत आणि ती नोंदवणारं यंत्र यांतलं अंतर, तपासा. खोलात शिरून वळणाऱ्या लहरी ऑफसेटच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतक्याच खाली पोचतात. २ किलोमीटरचा ऑफसेट असेल, तर किलोमीटरभर खोलीचं वचन गाइडना देऊ नका.