वासा जहाजाचं लाकडी मॉडेल किट (१:१००), आठ महिने झुंजल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण माझ्या दोन तोफा यायच्या बाकी आहेत आणि कस्टमर केअरशी अजून गोडीगुलाबीत चाललंय. रेटिंग पाचपैकी साडेतीन. लाकडाला साडेचार, सूचनांच्या पुस्तकाला एक, त्याची सरासरी कशीबशी काढली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वासा म्हणजे स्वीडनचा राजा गुस्ताव दुसरा आडॉल्फ याने बांधून घेतलेलं युद्धनौकेचं धूड. १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोमहून पहिल्यांदा निघालं आणि साधारण १३०० मीटर जाऊन बुडालं. वादळ नाही, खडक नाही, शत्रू नाही. बंदरातच, बघायला जमलेल्या लोकांच्या डोळ्यांदेखत. सुमारे ३० माणसं गेली. १:१०० स्केलची गंमत अशी की सेंटीमीटरला एक मीटर, सगळं तोंडी मोजता येतं. जहाजाची लांबी ६९ मीटर म्हणजे मॉडेल ६९ सेंमी, उंची साधारण ५२. आणि त्याचा अख्खा प्रवास या हिशोबाने १३ मीटर, म्हणजे आमच्या मागच्या खोलीपासून जिन्यापर्यंत, मी टेप लावून बघितलं. बुडालं ते ३२ मीटर खोल पाण्यात, त्यामुळे डोलकाठ्यांची टोकं नंतरही पाण्यावर दिसत होती. बादलीत ३२ सेंमी पाणी आहे आणि त्यातून वीसेक सेंमी काठी वर आलीये असं डोळ्यासमोर आणा. (मॉडेल बादलीत घालू नका, प्लाय फुगेल.)

आता किट. आत प्लायचा सांगाडा, त्यावर चिकटवायच्या फळ्यांचे दोन थर, पितळी तोफा, रेझिनचे पुतळे, दोर, शिवलेली दहा शिडं आणि सहा खलाशी. फळ्या खरंच सुंदर आहेत, एकसारख्या कापलेल्या, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या की नाळेकडच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणालाही न मोडता वाकतात, कपडे वाळत घालायचे चिमटे लावून रात्रभर ठेवायच्या की झालं. पण पुस्तकात कुठली फळी आधी डावीकडे आणि कुठली उजवीकडे लावायची याबद्दल एक अक्षर नाही, मी उत्साहात डावी बाजू संपवून टाकली आणि मग उजवीकडे आले तर सांगाडा पीळ खाऊन बसलेला. दोन्ही बाजू आलटून पालटून लावायच्या असतात हे मला नंतर कळलं. तर माझं जहाज डावीकडे थोडं फुगीर आहे.

आठवडाभर तोंड पाडून बसले होते आणि मग वाचलं की खऱ्या वासाच्याही दोन बाजू सारख्या नाहीत! जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या, काही स्वीडिश फुटाच्या, त्यात १२ इंच, आणि काही ॲमस्टरडॅमच्या फुटाच्या, त्यात ११. एकाच जहाजावर काम करणारी माणसं आणि प्रत्येकाचा फूट वेगळा. हे वाचल्यावर मला माझ्या फुगीर बाजूबद्दल इतका आपलेपणा वाटायला लागला की विचारू नका. तसंही या किटमध्ये काही मापं मिलिमीटरमध्ये आणि काही इंचात दिलीयेत, म्हणजे कंपनीने परंपरा सांभाळलीये म्हणायची.

रंगाच्या बाबतीत मात्र चूक आहे आणि ती माफ नाही. सूचनांमध्ये मागची नक्षीदार भिंत निळी रंगवा असं दिलंय. पूर्वी तसंच समजत होते, पण नंतर लाकडावरचे रंगाचे कण तपासल्यावर तिथला मूळ रंग लाल निघाला. जुनं डिझाइन तसंच छापत बसलेत. लाल घ्या, वर पुतळे भडक रंगवा, अजिबात लाजू नका, ते जहाज देखणं कमी आणि भपकेबाज जास्त होतं. पुढच्या चोचीवर २० रोमन सम्राट आहेत, टायबेरियसपासून सेप्टिमियस सेव्हेरसपर्यंत, किटमध्ये वीसही सम्राटांना एकच चेहरा. पोलंडशी तेव्हा युद्ध चालू होतं म्हणून एक पोलिश सरदार बाकाखाली दबून बसलेला कोरला होता, तो पुतळा मात्र मस्त जमलाय, नखाएवढा आहे पण चेहऱ्यावरची लाचारी दिसते.

सहाही खलाशी पुरुष आहेत. खरं तर जहाजावर बायकाही होत्या. एका सांगाड्याला कित्येक वर्षं पुरुष समजून गुस्ताव म्हणत होते आणि २०२३ मध्ये डीएनए तपासणीनंतर ती बाई असल्याचं जाहीर झालं. मी एका खलाशाला पुट्टीचा घागरा केलाय.

तोफा. बुडालं तेव्हा जहाजावर ६४ होत्या, त्यातल्या ४८ मोठ्या २४ पौंडी (म्हणजे २४ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या), दोन मजल्यांवर. माझ्या डब्यात निघाल्या ६२. मेल केला तर दोन आल्या पण भलत्याच मापाच्या, परत मेल केला, आता "तुमची विनंती प्रक्रियेत आहे". अहो, १६६४-६५ मध्ये माणसं शिशाच्या घंटेत उभी राहून, घंटेत अडकलेल्या हवेवर श्वास घेत, त्या काळोख्या थंड पाण्यात उतरली आणि हुकांनी चाचपडत पन्नासहून जास्त तोफा वर काढल्या, आणि तुम्हाला गोडाऊनमधून दोन सापडत नाहीत?

खालच्या मजल्यावरच्या तोफांची झडपं उघडी चिकटवायची की बंद हे किट आपल्यावर सोडतं. उघडीच ठेवा. निघताना सलामी दिली होती म्हणून ती उघडी होती, वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कललं, सावरलं, दुसरा आला आणि त्याच झडपांमधून पाणी आत शिरलं. वरचा भार जास्त आणि तळातलं वजन कमी. तळात दगड होते, पण आणखी भरले असते तर जहाज आणखी खाली बसून ही झडपं पाण्याच्या अजून जवळ आली असती, म्हणजे इकडे आड तिकडे विहीर. आणि सगळ्यात राग येतो तो या गोष्टीचा की हे आधी दिसलं होतं. धक्क्यावर ३० माणसांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवून चाचणी घेतली, तीन फेऱ्यांत जहाज इतकं डोलायला लागलं की ॲडमिरल क्लास फ्लेमिंगने चाचणीच थांबवली. चाचणी थांबवली, जहाज नाही! राजा लांब युद्धावर, जहाज लवकर हवं म्हणून तगादा, मूळ बांधणारा हेन्रिक हिबर्टसन १६२७ मध्येच वारलेला. चौकशी झाली, जो तो म्हणाला मी मंजूर मापाने केलं, चूक कोणाची विचारल्यावर एकाने उत्तर दिलं की ते देवालाच ठाऊक, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. ज्यांनी कधी ऑफिसात डेडलाइन पाळलीये त्यांना हे ओळखीचं वाटेल.

मॉडेलही वरच्या अंगाला जड आहे बरं का, स्टँडच्या खाचा उथळ आहेत, माझं एकदा कलंडलं आणि चोचीवरचे चार सम्राट तुटले. स्टँड वेगळा करून घ्या.

दोरकाम हा निम्मा वेळ खातो. दोर-शिड्यांच्या पायऱ्यांची प्रत्येक गाठ हाताने, चिमट्याने, भिंगाखाली. किटमधला दोर केसाळ आहे, मेणावरून ओढून घ्या म्हणजे बसतो. पुस्तकातली इथली चित्रं इतकी बारीक की मी शेवटी खऱ्या जहाजाचे फोटो लावून काम केलं. ते सोय म्हणून सोपं आहे, कारण मूळ जहाजच शाबूत आहे. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारी जहाज-अळी जगत नाही, म्हणून ३३३ वर्षं तळाशी राहूनही २४ एप्रिल १९६१ ला ते वर आलं आणि आज स्टॉकहोमच्या म्युझियममध्ये अख्खं उभं आहे.

पुस्तक म्हणतं दहाही शिडं लावा, डब्यावरच्या चित्रातही तशीच फुगलेली आहेत. मी नाही लावली. त्या दिवशी चारच उघडली होती, बाकी सहा खाली शिडांच्या कोठारात घडी घालून ठेवलेली, ती तशीच सापडली. माझ्या जहाजावरही चारच आहेत. उरलेली सहा डब्यात पडलीयेत, १:१०० ला कोणाला हवी असतील तर सांगा.