चमार स्टुडिओची काळी बॅग: नक्की घ्या

बरेच दिवस मनात होती, शेवटी घेतली आणि आता ऑफिसला रोज हीच नेते. बघणाऱ्याला लेदर वाटते पण लेदर नाहीये, टायर-ट्यूबचं रिसायकल केलेलं रबर आहे, हाताला जाड आणि एकदम दणकट, पावसात भिजली तर फडक्यानं पुसायची की झालं. डिझाइन साधं, उगाच चेन-बक्कल काही नाही, पण शिलाई बघत राहावी अशी, धारावीतले मुरलेले कारागीर आहेत ना.

आणि खरं सांगू, मी घेतली ती या कारागिरांसाठीच. चमार स्टुडिओ सुरू करणारे सुधीर राजभर हे मुळात आर्टिस्ट, २०१५ ला महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदी आली आणि चामड्यावर पोट असलेल्या दलित, मुस्लिम कारागिरांचं काम एकदम आटलं, तेव्हा त्यांनी याच लोकांना सोबत घेऊन रबरावर काम सुरू केलं, हात तेच, कसब तेच, फक्त माल बदलला. जे जातीचं नाव लोक शिवी म्हणून फेकतात तेच त्यांनी ताठ मानेनं ब्रँडला दिलंय, मला तर ती बॅग खांद्यावर घेऊन फिरताना फार भारी वाटतं. २०२४ मध्ये याच रबराच्या खुर्च्या डिझाइन मायामीला, म्हणजे अमेरिकेतल्या डिझाइनच्या मोठ्या प्रदर्शनाला पोचल्या!

रस्त्यावरच्या बॅगेच्या भावात मिळणार नाही, पण ज्यांनी बनवली त्यांच्या कामाची किंमत आहे ती, त्यात घासाघीस करू नका. कुणाला गिफ्ट द्यायची असेल तर काळीच घ्या, साडीवर पण शोभते आणि जीन्सवर पण.